दोरी ओढल्यावर काय होतं? ऐरोलीकरांना उत्तर

ऐरोलीकर, तुमच्या प्रतिक्रियेचं उत्तर इतकं लांबलं की शेवटी वेगळंच टाकतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: टोयोटाने परदेशात कारखाने काढले आणि तिथेही दर्जा टिकवला, असं मी लिहिलं होतं. ऐरोलीकरांचं म्हणणं, मी जपानचे गोडवे गातो, २००९-१० मध्ये याच कंपनीला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या ते सोयीने विसरतो, आणि शिस्त जपान्यांच्या रक्तातच असल्यामुळे "आपल्या रबाळ्याच्या पोरांकडून हे होणे नाही." (रबाळे म्हणजे नवी मुंबईतला कारखान्यांचा भाग.)

गाड्या परत बोलावल्याचं मी लिहायला हवं होतं. तिथे तुम्ही बरोबर. पण रक्ताचं काही पटत नाही. १९५७ साली टोयोटाने टोयोपेट क्राउन अमेरिकेत नेली, तेव्हाही कंपनीतली माणसं जपानीच होती. तिथल्या हायवेवर त्या गाडीला धाप लागायची. १९६० मध्ये ती पाठवणं बंद करावं लागलं.

उलट टोकाचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं. तिथला जनरल मोटर्सचा (जीएम) कारखाना दांड्या, भांडणं आणि खराब गाड्यांसाठी बदनाम होता, १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटा आणि जीएमने भागीदारीत न्यूमी या नावाने सुरू केला. कामावर घेतलेले बहुतेक लोक जुनेच, युनियनही तीच. त्यातल्या काहीशे जणांना जपानला शिकायला पाठवलं. दोनेक वर्षांत तिथल्या गाड्या दर्जात जपानच्या कारखान्याच्या गाड्यांजवळ पोचल्या. आता त्या माणसांचं रक्त कुणी बदललं होतं का?

बदलली होती ती गाड्या जोडण्याच्या लाइनवरची एक दोरी. काही चुकतंय असं वाटलं की कामगाराने ती ओढायची, टीमलीडर धावत येणार, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबणार. मूळ कल्पना कंपनीच्या मोटारींपेक्षाही जुनी: टोयोटाच्या घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोडा यांचा कापड विणायचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. पण नुसती दोरी टांगून भागत नाही. जीएमने कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाईसच्या कारखान्यात हीच पद्धत आणायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि १९९२ मध्ये त्या कारखान्याला टाळं लागलं.

का जमत नाही ते मला रबाळ्यातच कळलं. मी तिथे एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून-कापून गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) क्वालिटीला होतो, कळव्याहून रोज जायचो. मार्च एंड होता. डायची (पत्रा कापणाऱ्या साच्याची) धार गेलेली, त्यामुळे ब्रॅकेटच्या कापलेल्या कडेला पत्र्याची बारीक धार उरत होती, आम्ही तिला बर म्हणतो. प्रेसवरच्या पोरानेच मला दाखवली, मी नाही पकडली. मी म्हटलं, डाय उतरवून ग्राइंडिंगला पाठवा. वरून उत्तर आलं: आधी मालाची गाडी भरा, डाय एक तारखेला बघू. गाडी गेली. मग डेबिट नोट आली (खराब मालाचे पैसे कापल्याची चिठ्ठी), आणि आमची दोन माणसं आठ दिवस चाकणला, माल घेणाऱ्याकडे, हातमोजे घालून एकेक ब्रॅकेट निवडत बसली. मेमो कुणाला मिळाला? ज्याने बर दाखवली त्याला, प्रेस त्याच्या नावावर होता म्हणून. त्यानंतर त्या पोराने मला कधीच काही दाखवलं नाही.

तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिलंत ती हीच रबाळ्याची पोरं.

आता २००९-१०. पायाखालची मॅट ॲक्सिलरेटरमध्ये अडकणं आणि पेडल चिकटणं, अशा दोन मुख्य तक्रारी होत्या. चिकटणारं पेडल अमेरिकेतल्या एका पुरवठादाराने बनवलेलं होतं (आम्हा व्हेंडरवाल्यांचे कान इथे टवकारतात). २००८ मध्ये टोयोटाने विक्रीत जीएमला मागे टाकलं होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बसले आणि त्यांनी कबूल केलं की कंपनी फार वेगाने वाढली. आधी सुरक्षितता, मग दर्जा, मग संख्या हा क्रम गोंधळला. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. नवी शेड दीड वर्षात उभी राहते. दोरी ओढल्यावर न चिडता धावत येणारा सुपरवायझर तयार व्हायला दहा वर्षं लागतात, आणि परदेशात तो घरून न्यावा लागतो. कारखाने जितके जास्त, तितका तो विरळ होत जातो.

रक्ताच्या मुद्द्याला आणखी एक अडचण: दायहात्सू ही छोट्या गाड्यांची कंपनी, टोयोटाच्याच मालकीची, जपानमधलीच. सुरक्षा चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षं गैरप्रकार केल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. नव्या मॉडेलच्या तारखा इतक्या घट्ट की "उशीर होईल" म्हणायची सोय कुणालाच नव्हती. आमचा मार्च एंड, दुसरं काय.

जाता जाता, मूळ लेखात मी न्यूमीला नुसतंच "टोयोटाचा कारखाना" म्हटलं होतं. तो भागीदारीतला होता, एप्रिल २०१० मध्ये बंद झाला आणि त्या जागेत आता टेस्लाच्या गाड्या बनतात. लेखात दुरुस्ती केली आहे.