मैत्रीवर सभा घेताय? मग कुसंगतीचं वचन जरा बाजूला ठेवा

चर्चच्या तरुण संघाच्या सभेचा विषय 'मैत्री' ठरला की पहिलं वचन कोणतं येणार, हे सांगायला संदेष्टा लागत नाही. बायबलमधलं १ करिंथ १५:३३. कुसंगतीने नीती बिघडते. मग वाईट मित्र, मोबाइल, तंबाखू, प्रेमप्रकरणं, प्रार्थना, चहा. समोरची पंधरा-सोळा वर्षांची मुलं माना डोलावतात आणि ज्यांना आपण आत्ताच कुसंगत ठरवलं, त्याच मित्रांच्या गाडीवर बसून घरी जातात.

गंमत म्हणजे तो अध्याय मैत्रीवर नाहीच, पुनरुत्थानावर आहे. आणि ती ओळ मेनांडर या ग्रीक नाटककाराच्या नावावर सांगतात. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने बाहेरची ओळ बिनदिक्कत उचलली, आणि आपण ती पोरांना बाहेरच्यांपासून लांब ठेवायला वापरतो! आपल्याकडे साठ जणांच्या वर्गात ख्रिस्ती मूल बऱ्याचदा एकटंच असतं. त्याने मैत्री करायची कुणाशी?

त्यापेक्षा मार्क २:१-१२ घ्या. आठ-दहा जण, बारांच्या वर गेले तर दोन गोल करा. खुर्च्यांच्या रांगा नकोत, सतरंजी अंथरा. एकूण सव्वा तास. उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्यांदा चौथ्या ओवीवर थांबायचं. येशू घरात बोलतोय, चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी आहे, म्हणून ते छत उकरून बाज खाली सोडतात. मराठवाड्यातलं माळवद ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. लाकडी सरे, त्यावर किलच म्हणजे लाकडाचे आडवे तुकडे, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ते उकरलं तर खाली बसलेल्यांच्या डोक्यावर काय पडेल? दोर कुणी आणला असेल? एकाने हात सैल सोडला तर बाजेचं काय होईल? घरमालकाला छताचे पैसे कोण देणार? या प्रश्नांना वीस मिनिटं द्या, घाई करू नका. इथे मुलं हसतात, भांडतात, म्हणजेच उताऱ्यात शिरतात.

मग पाचवी ओवी. येशूने कुणाचा विश्वास पाहिला? 'त्यांचा'. बाजेवरचा माणूस तोपर्यंत एक शब्दही बोललेला नाही. आता खरा प्रश्न विचारा: तुम्हाला प्रार्थना करवत नाही त्या दिवशी तुमची बाज कोण उचलतं? आणि तुम्ही कुणाची?

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, कुणीतरी 'येशू' असं उत्तर देतं. रविवारच्या शब्बाथ शाळेत दहा वर्षं कुठल्याही प्रश्नाला तेच चाललंय, पोरांचा दोष नाही. हसून म्हणा, ज्याचा फोन नंबर तुमच्याकडे आहे असा माणूस सांगा. दुसरी, शांतता पसरते आणि पुढाऱ्याला ती सोसत नाही. मनात तीसपर्यंत आकडे मोजा. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांना छान जमलं होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

नावं चिठ्ठीवर लिहू द्या, पण चिठ्ठ्या गोळा करू नका. दहा जणांत अक्षर ओळखू येतंच. ज्याची त्याच्या खिशात राहू द्या.

पुढच्या आठवड्यात १ शमुवेल २०, योनाथान आणि दावीद. योनाथानाचा बाप, शौल राजा, दावीदाच्या जिवावर उठलाय; बाप एकीकडे, मित्र दुसरीकडे, हा पेच या वयाला फार जवळचा. योहान १५:१५ मात्र तिसऱ्यांदाच घ्या. तिथे येशू शिष्यांना म्हणतो, दास नव्हे, मित्र, कारण पित्याकडून ऐकलेलं सगळं त्याने त्यांना सांगून टाकलं. आधी माणसांच्या मैत्रीवर बोलणं झालेलं नसेल तर हे वाक्य नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं वाचलं जातं.

दुसऱ्या धर्माचा मित्र सोबत आला तर? त्याच्या आईवडिलांना माहीत असावं. त्याला उभं करून टाळ्या वाजवू नका, न विचारता डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू नका, अहवालात त्याला मोजू नका. मैत्री ही आत्मे धरायची गळ झाली, हे आपल्याच पोराला सगळ्यात आधी कळतं. मग तो मित्रालाही आणत नाही आणि स्वतःही येत नाही.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा. खोलीत दोन मोठी माणसं, दार उघडं. व्हॉट्सॲप ग्रुपवरही दोघं.

शेवटची पंधरा मिनिटं चहाची. पाळकसाहेबांना 'दोन शब्द' बोलायची विनंती करू नका, ते दोन कधीच नसतात. त्यांच्या हातात किटली द्या.