पाच मिनिटांच्या अंतरावर

घर शोधणाऱ्याला ठिकाण, जागा आणि पैसे यांचा मेळ घालावा लागतो. तिघांपैकी कुठल्याही दोन गोष्टी मिळतात, तिसरीवर पाणी सोडावं लागतं, असं अनुभवी लोक सांगतात. हे लोक नशीबवान असणार. आम्हाला बरेच दिवस एकेकच मिळत होती, आणि तीही मोजून बघितली की कमी भरायची.

घरात खातेवाटप झालं. ठिकाण बायकोकडे, जागा लेकीकडे आणि पैसे माझ्याकडे, म्हणजे ज्याला शेवटी सगळे ‘आडमुठा’ म्हणणार ते खातं माझ्याकडे. आईनं कुठलंच खातं घेतलं नाही. ‘माझं काय, तुम्ही न्याल तिथे येईन,’ ती म्हणाली. या वाक्याला घाबरायचं असतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

बायकोनं नकाशा उघडला. तिचं ऑफिस एका टोकाला, लेकीचं कॉलेज दुसऱ्या टोकाला, म्हणून तिनं दोहोंचा मध्यबिंदू काढला. तो तळ्यात आला. मग तळ्याच्या काठाकाठानं जाहिराती बघणं सुरू झालं.

जाहिरातीतलं स्टेशन नेहमी पाच मिनिटांवर असतं. नऊ मिनिटांवरचं स्टेशन मी आजवर एकाही जाहिरातीत पाहिलेलं नाही. माणूस नेहमीच्या चालीनं ताशी पाचेक किलोमीटर चालतो, म्हणजे पाच मिनिटांत साधारण ४०० मीटर. पहिल्याच घरी आम्ही चालून बघितलं. ४०० मीटर संपले तेव्हा समोर एक भिंत होती आणि भिंतीपलीकडून गाडीचा आवाज येत होता. ‘ऐकू येतंय ना सर?’ एजंट म्हणाला. स्टेशन ऐकू येण्याच्या अंतरावर होतं, हे मान्यच. आत शिरायचा रस्ता मात्र वळसा घालून पुलावरून होता.

जपानात म्हणे घरांच्या जाहिरातीत एक मिनिट म्हणजे ८० मीटर असा नियमच आहे, आणि वर चार मीटर उरले तरी ते पूर्ण मिनिट धरायचे. हे वाचून मला भरून आलं. पुढे वाचलं, की सिग्नलला थांबण्याचा वेळ आणि चढ त्यात धरत नाहीत. म्हणजे एजंटांच्या पोटापाण्याची सोय तिथेही ठेवलेली आहेच.

जरा लांबचं पण ऐसपैस घर घ्यावं, असं माझं मत. त्यासाठी मी चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाला साक्षीला काढलं. माणूस पायी चालत होता तेव्हाही आणि मोटारी आल्यावरही दिवसाकाठी सरासरी तासभरच प्रवास करतो, वाहनाचा वेग वाढला की तो तेवढा लांब राहायला जातो, असं त्यांनी १९९४ साली मांडलं. ‘म्हणजे तासभर प्रवास हा मनुष्यस्वभावच आहे,’ मी म्हणालो. ‘सरासरी आहे ना?’ बायको म्हणाली. ‘मग तू दोन तास कर, मी शून्य करते.’

जागेचं खातं लेकीकडे होतं आणि ते तिनं फार कडकपणे चालवलं. फोटोतलं घर आणि खरं घर यांच्यात नातं कसं शोधायचं, हे मला तिनंच शिकवलं. फोनच्या कॅमेऱ्यात ०.५ नावाचं बटण असतं. ते दाबून खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकून फोटो काढला की मोरीचासुद्धा दिवाणखाना होतो. ओळखायची खूण म्हणजे फोटोच्या कडेच्या वस्तू. तिथला पलंग सहा माणसांना आडवं करता येईल इतका लांब दिसला, वॉशबेसिन अंडाकृती झालं, की पुढची जाहिरात बघावी.

प्रत्यक्ष घरात शिरल्यावर ती टेप वगैरे काढत नसे. ‘ही तुझी खोली,’ असं एजंटनं म्हणताच ती सरळ फरशीवर आडवी व्हायची. एका घरी डोकं भिंतीला लागलं आणि पाय दारात आले. ‘आता दार लावून दाखवा, काका,’ ती म्हणाली. काकांनी दार कडेवर घेतल्यासारखं धरून ठेवलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या झाडाविषयी बोलायला लागले.

दारांचा हिशोब कोणी करत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. तीन फुटी दार काटकोनात उघडताना साधारण सात चौरस फूट जागा झाडून घेतं. तिथे खुर्ची ठेवता येत नाही, टेबल ठेवता येत नाही, विचार करत उभंही राहता येत नाही, कारण आतून कोणीतरी येतंच. घरात अशी पाच दारं धरली तर पस्तीस चौरस फूट. तेवढ्यात एक छोटी अभ्यासाची खोली बसते. तिला दार लागेल, ही अडचण आहेच.

आता पैसे. माझ्या खात्याबद्दल मी थोडक्यात बोलणार होतो, पण ते जमेलसं दिसत नाही. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त घरावर खर्च करू नये, असं मला जो भेटला त्यानं सांगितलं, अगदी देववाणी असल्यासारखं. हा आकडा कुठून आला म्हणून शोधलं, तर अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्याला १९६९ साली उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती १९८१ साली ३० केली. ज्या आकड्याच्या जन्माच्या वेळी मला कोणी विचारलं नाही, त्याच्यापुढे मी का वाकू, असा बाणेदार विचार करून मी कर्जाचा हिशोब मांडायला बसलो आणि तासाभरात ३० टक्क्यांची आठवण यायला लागली.

हप्ता काढायच्या त्या ऑनलाइन तक्त्यात मुदतीची एक सरकपट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की हप्ता खाली येतो आणि घरातल्यांचे चेहरे उजळतात. मी घरी एकटाच डावीकडे बघणारा. ९ टक्के व्याजानं २० वर्षांत कर्ज फेडलं तर मुद्दलाच्या दुपटीहून थोडं जास्त भरावं लागतं. मुदत ३० वर्षं केली तर हप्ता जेमतेम अकरा टक्क्यांनी उतरतो, आणि एकूण भरणा जातो मुद्दलाच्या तिपटीजवळ. हे मी तिघींना समजावून सांगितलं. ‘म्हणजे हप्ता कमी होतो ना?’ बायकोनं विचारलं. होतो. ‘मग झालं तर.’

शेवटी भांडण नको म्हणून तक्ता केला. प्रत्येक घराला ठिकाण, जागा आणि पैसे यांचे वेगवेगळे गुण द्यायचे, प्रत्येकाला वजन लावायचं, बेरीज करायची, वर येईल ते घर घ्यायचं. पहिल्या फेरीत जे घर वर आलं ते कोणालाच आवडलं नव्हतं. बायकोनं ठिकाणाचं वजन हळूच वाढवलं. लेकीनं ‘खिडकीबाहेर झाड’ असा नवा रकाना घातला. रात्री सगळे झोपल्यावर मी पैशाचं वजन वाढवलं, आणि सकाळी बघतो तर ते कमी झालेलं. कोणी कोणाला काही विचारलं नाही. अशा तक्त्याचा मोठा उपयोग असतो: आपल्याला कुठलं घर हवंय ते आधी ठरवायचं आणि मग ते कसं योग्य आहे हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं.

गणितात यावर एक तोडगा आहे. एकेक पर्याय ओळीनं समोर येणार असेल, आणि सोडलेला परत मिळणार नसेल, तर पहिले ३७ टक्के नुसते बघून सोडून द्यावेत आणि त्यानंतर त्या सगळ्यांहून सरस असा जो पहिला येईल तो पकडावा. सर्वोत्तम पर्याय हाती लागण्याची शक्यता अशानं सर्वांत जास्त. मी हे उत्साहानं सांगितलं. बायको म्हणाली, ‘आपण शंभर टक्के सोडलीत.’

असं सगळं दमून शांत झाल्यावर आईनं तोंड उघडलं. ‘कुठलंही घ्या रे. माझं कपाट तेवढं गेलं पाहिजे.’

कपाट म्हणजे आईचं लाकडी, अखंड, एकाही स्क्रूवर न सुटणारं. ठिकाण ताणता येतं, जागा फोटोत फुगवता येते, पैसे मुदतीवर पसरता येतात. कपाट तीन फूट रुंद आणि सात फूट उंच होतं आणि तेवढंच राहिलं. लिओ मोझर नावाच्या गणितज्ञानं १९६६ साली विचारलं होतं, की एक मीटर रुंदीच्या, काटकोनात वळणाऱ्या बोळातून जास्तीत जास्त केवढा सोफा सरकवत नेता येईल? १९९२ साली जोसेफ गर्व्हर यांनी २.२१९५ चौरस मीटरचा एक आकार काढला. याहून मोठा जाणारच नाही, अशी सिद्धता २०२४ साली जिनऑन बेक यांनी मांडली. तो सोफा दिसतो जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरसारखा. आईचं कपाट तसं दिसत नाही.

मग आम्ही घरं सोडून जिने बघायला लागलो. एजंटांना वाटलं, यांच्यात कोणीतरी इंजिनिअर आहे. वळणावरची रुंदी, कठड्याची उंची, छतापर्यंतचं अंतर. तक्त्यातले वरचे सगळे दावेदार जिन्यात गारद झाले. उरलं एकच: ऑफिसपासून लांब, कॉलेजपासूनही लांब, खोल्या मध्यम, हप्ता सरकपट्टीच्या उजव्या टोकाजवळचा. जिना मात्र असा, की कपाट गाणं म्हणत वर जाईल. व्यवहार झाला. सह्या झाल्या.

सामान बांधताना मी मजुरांना सांगत होतो, की आधी कपाट न्या. आई म्हणाली, ‘अरे, ते नको नेऊस. ताईला देऊन टाकलंय मी. नव्या घरात जुनं कशाला?’

ताई तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचा जिना कोणी मोजलाय का, हे मी विचारलं नाही.