सातबाऱ्यावर नाव नसलेला तरुण शेतकरी

तरुणांना शेतीत टिकवण्यासाठी विदर्भात चालणाऱ्या प्रशिक्षणांची टिंगल करणे सोपे आहे, पण कृषी विज्ञान केंद्रांत शिकवले जाणारे शेळीपालन, रोपवाटिका किंवा डाळप्रक्रिया यांतले पुष्कळसे खरोखर कामाचे असते. माझा आक्षेप निराळा आहे. हे कार्यक्रम ज्याला शेतकरी म्हणून बोलावतात, त्याला सरकारी दप्तर शेतकरी मानतच नाही.

२०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. तेवढे कोरडवाहू वावरही वडिलांच्या, कधी तर वारलेल्या आजोबांच्या नावावर असते. घरच्या जमिनीत भागत नाही म्हणून मुलगा दुसऱ्याचे वावर मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने करतो. मात्र विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यामुळे कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क तयार होईल, या धास्तीने मालक कागद करून देत नाही. परिणामी मक्ता, बियाणे आणि मजुरी या तरुणाची, पण पीककर्जाची पात्रता मालकाची आणि अतिवृष्टीची मदतही मालकाच्याच खात्यात. अशा घराला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र देऊन दारिद्र्य हटत नाही, उलट कधीकधी नव्या उद्योगाच्या कर्जाची भर पडते.

अनुदानाचेही तसेच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये मिळतात, पण स्वतःचा हिस्सा आणि बँकेचे कर्ज आधी उभे करावे लागते. ज्याच्या घरात एखादा पगार आहे आणि ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते, त्यालाच हे पेलते. यशोगाथांत फोटोही बहुधा त्याचाच. (त्याच्या मेहनतीबद्दल मला शंका नाही.)

गरीब घराची अडचण वर्षाच्या उत्पन्नाइतकीच रोख पैशाच्या वेळेची असते. बियाणे-खते विकणाऱ्या कृषी केंद्राची (दुकानाची) उधारी डोक्यावर असल्याने सोयाबीन मळणी होताच विकावे लागते. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना अनेकांनी ते त्याहून कमी दरात घातले. अशा घरासाठी फळबागेपेक्षा चार शेळ्या किंवा फवारणीची सेवा देणारा तरुणांचा गट मला अधिक उपयोगी वाटतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने दगावलेल्यांत रोजंदारीने फवारणी करणारे मजूरही होते. संरक्षक कपडे, तपासलेला पंप आणि ठरलेला दर एवढ्यावर हे काम सुरक्षित व किफायतशीर होऊ शकते, तरी प्रशिक्षणांच्या यादीत त्याला मानाचे स्थान नाही.

एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला असून तोही जमिनीच्या नोंदीलाच जोडलेला आहे. नीती आयोगाने २०१६ मध्येच मालकी अबाधित ठेवून भाडेपट्ट्याला मान्यता देणारा आदर्श कायदा सुचवला होता. त्या धर्तीवर, कूळहक्क निर्माण न करता, एका हंगामापुरती मक्त्याची नोंद तलाठ्याकडे व्हावी आणि तिच्यावर पीककर्ज व नुकसानभरपाई मिळावी, ही मागणी तरुणांच्या शेतीची काळजी वाहणाऱ्या संस्थांनी आता तरी उचलून धरावी.