चक्कर मानेतून येते म्हणे!

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: अचानक सगळं गरगरलं तर घाबरू नका, हे मानेच्या मणक्यांचं दुखणं आहे. मानेतली शीर दबते आणि मेंदूला रक्त कमी पडतं. एक्स-रे काढा, झीज दिसेलच. कॉलर लावा, उशी काढून टाका, मान हलवू नका. चक्करेची गोळी बंद करू नका. कान दुखत नसेल तर कानाच्या डॉक्टरकडे पैसे घालवू नका. डोकं इकडून तिकडे वळवून चक्कर घालवतो म्हणणारे भोंदू असतात.

यातलं 'घाबरू नका' एवढंच बरोबर आहे, आणि तेही प्रत्येक वेळी नाही.

'मानेतली शीर दबते'

मेंदूच्या मागच्या भागाला दोन व्हर्टिब्रल धमन्या रक्त पुरवतात. त्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात आणि कवटीत एकमेकींना मिळतात. एक थोडी दबली तरी दुसरी सहसा भागवून नेते. मान वळवल्यावर धमनी दबून चक्कर येण्याचा आजार आहे, पण तो दुर्मीळ आहे.

कूस बदलताना किंवा वर बघताना काही सेकंद गरगरणं हे बहुतेक वेळा बीपीपीव्हीचं लक्षण असतं. पूर्ण नाव बिनाइन पॅरोक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या एका पिशवीवर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते सुटून शेजारच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी एकीत पडतात. दहापैकी आठ-नऊ जणांत मागच्या नलिकेत, कारण ती सगळ्यांत खाली असते. डोकं कललं की खडे घरंगळतात, नलिकेतला द्रव ओढला जातो आणि डोकं थांबलं तरी ते फिरतंय असा निरोप मेंदूला जातो. खडे तळाशी बसले की गरगर थांबते, म्हणून झटका मिनिटभराच्या आत संपतो.

मग आळ मानेवर का येतो? वरच्या दांडीवर काठीने कपडे वाळत घालताना, माळ्यावरचा डबा काढताना मान मागे जाते आणि तेव्हाच गरगरतं. पण याच माणसाला पहाटे अंथरुणात कूस बदलताना सगळ्यांत जोराचा झटका येतो. तेव्हा डोकं आणि धड एकत्रच वळतात, मानेला फारसा पीळ बसत नाही. बदलते ती जमिनीच्या संदर्भात डोक्याची दिशा. उलट ताठ बसून नुसती मान डावी-उजवीकडे वळवली तर त्याला सहसा काही होत नाही. मानेवरचा आरोप इथेच ढिला पडतो. आणि आडवं होतानाही गरगरत असेल, तर 'बीपी पडलं' हा दुसरा आवडता खुलासाही टिकत नाही.

'एक्स-रेत झीज दिसेलच'

दिसेलच, हे खरं आहे. अडचण नेमकी तीच आहे. जपानमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानेची काहीही तक्रार नसलेल्या ४९७ जणांचा एमआरआय काढला. विशीतल्या पुरुषांच्या मणक्यांमधल्या १७ टक्के गाद्यांत आणि स्त्रियांच्या १२ टक्के गाद्यांत झीज सापडली. साठीपुढच्यांच्या ८६ आणि ८९ टक्के गाद्यांत. जी गोष्ट ठणठणीत म्हाताऱ्यांतही हमखास सापडते, ती चक्करेचं कारण म्हणून कशी चालेल? कानातले खडे मात्र ना एक्स-रेत दिसतात, ना नेहमीच्या एमआरआयमध्ये.

निदान होतं ते १९५२ साली डिक्स आणि हॉलपाइक यांनी मांडलेल्या चाचणीने. रुग्णाला पलंगावर पाय पसरून बसवायचं, डोकं ४५ अंश एका बाजूला वळवायचं आणि झटकन आडवं करून डोकं कडेखाली २० अंश लोंबू द्यायचं. डोळे उघडे हवेत. काही सेकंदांनी बुबुळं वरच्या दिशेने आणि खालच्या कानाकडे पीळ घेत झटके देऊ लागतात, मिनिटाच्या आत थांबतात, आणि बसवल्यावर उलट दिशेने हलतात. हे दिसलं आणि बाकी मेंदूची काही लक्षणं नसली, तर स्कॅनची गरज नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ची मार्गदर्शक सूचना तेच सांगते. केईएम, सायन, नायर, जेजे कुठेही कान-नाक-घशाच्या ओपीडीत गेलात, तर या तपासणीला पलंगाखेरीज काही लागत नाही. केली नाही तर नाव घेऊन विचारावी.

'कॉलर लावा, मान हलवू नका'

कॉलरने बरं वाटतं, यात खोटं काही नाही. डोकं कलतच नाही, मग खडे घरंगळणार कसे? शिवाय हा आजार कित्येकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि श्रेय कॉलरला मिळतं. ज्यांचा ओसरत नाही, ते महिनोन्महिने ताठ मानेने वावरतात. स्नायू आखडतात आणि आता खरोखरच मान दुखू लागते.

'गोळी बंद करू नका'

सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या गोळ्या तोलाच्या यंत्रणेला गुंगवतात. उलट्या आवरायला दोन-तीन दिवस त्या उपयोगी आहेत. खड्यांना त्या हलवू शकत नाहीत. लांबवल्या तर झोप, वयस्कर माणसांत पडझड, आणि या दोन्ही औषधांनी कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात: हात कापणं, चाल मंदावणं. मग त्यावर आणखी एक गोळी सुरू होते. सत्तरीच्या माणसाच्या औषधांच्या पिशवीत यातलं काही वर्षभर पडून असेल, तर ते का चालू आहे हे डॉक्टरांना विचारायलाच हवं.

बीटाहिस्टीन झोप आणत नाही, म्हणून सर्रास लिहिलं जातं. त्याचा मुख्य दावा मेनिएरच्या आजारावर, म्हणजे आतल्या कानाच्या ज्या आजारात चक्करेचे झटके येतात आणि ऐकू कमी येतं त्यावर. जर्मनीतल्या १४ केंद्रांत मेनिएरच्या २२१ रुग्णांवर नऊ महिने चाचणी झाली, निष्कर्ष २०१६ साली आले. एका गटाला २४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला ४८ मिलिग्रॅम तीनदा, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. झटके तिन्ही गटांत कमी झाले, आणि सारखेच कमी झाले. ज्या आजारासाठी ते ओळखलं जातं तिथे ही गत, तर खड्यांच्या चक्करेवर ते वर्षभर घेण्यात काय अर्थ?

'कान दुखत नसेल तर...'

तोलाचा आणि ऐकण्याचा भाग आतल्या कानात वेगवेगळे आहेत. बीपीपीव्हीत कान दुखत नाही, वाहत नाही, ऐकू नीट येतं. एका कानाने एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, मग चक्कर असो वा नसो, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जावं. स्टेरॉइड द्यायचं तर ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावं लागतं.

'डोकं वळवणारे भोंदू'

ही पद्धत अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉ. जॉन एपली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. नलिकेचा आकार ठाऊक असेल तर डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे पुन्हा पिशवीत नेता येतात, हातातली खेळण्याची डबी कलती करून गोळी खळग्यात पाडतात तसं. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४च्या आढाव्यात ११ चाचण्या आणि ७४५ रुग्ण होते. चक्कर पूर्ण गेलेल्यांचं प्रमाण खोटी कृती किंवा तुलनेसाठी इतर काही केलेल्या गटात २१ टक्के, एपली केलेल्यांत ५६ टक्के. हे बहुधा एकदाच करून. राहिलेल्यांना पुन्हा करता येतं.

उजव्या कानासाठी: पलंगावर पाय पसरून बसा, डोकं ४५ अंश उजवीकडे. तसंच मागे झोपा, डोकं २० अंश लोंबतं. खांद्यांखाली उशी घेतली तरी चालतं. गरगर थांबेपर्यंत, निदान ३० सेकंद थांबा. डोकं न उचलता ९० अंश डावीकडे. पुन्हा थांबा. मग अंग डाव्या कुशीवर वळवून डोकं आणखी ९० अंश, नाक जमिनीकडे. पुन्हा तेवढंच थांबून, हनुवटी छातीकडे ठेवत, पाय खाली सोडून उठून बसा. डाव्या कानाला सगळं उलट.

फसतं ते ठरावीक ठिकाणी. बाजू चुकते, म्हणजे व्हिडिओ उजव्या कानाचा आणि खडे डाव्यात. दुसऱ्या वळणावर डोकं वर उचललं जातं आणि खडे मागे घसरतात. कुशीवर वळल्यावर नाक भिंतीकडेच राहतं. गरगर सुरू झाली की माणूस घाबरून उठतो. शेवटी बसताना एकदम मागे ओढल्यासारखं होऊ शकतं, म्हणून कुणीतरी खांदे धरायला हवं. खडे आडव्या नलिकेत असतील तर एपली चालतच नाही. तिथे पूर्ण लोळण घेण्याची दुसरी कृती आहे. म्हणून पहिल्यांदा निदान आणि कृती डॉक्टरकडून, नंतर घरी. मानेचं ऑपरेशन, संधिवाताने मानेचा सांधा सैल झालेला, डोळ्याचा पडदा सरकलेला असेल तर आधी सांगा. कृतीनंतर बसून झोपण्याची, उंच उशांची जुनी बंधनं आता लागत नाहीत.

साधारण तिघांतल्या एकाला हा त्रास परत होतो. कोरियातल्या २०२०च्या ९५७ रुग्णांच्या चाचणीत उपचार-गटातल्या ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते आणि कॅल्शियम वर्षभर दिलं. त्या गटात पुनरावृत्ती दरमाणशी वर्षाला ०.८३ होती, नुसत्या देखरेखीखालच्या गटात १.१०. फार मोठा फरक नव्हे, पण रक्ततपासणी करून घेण्याइतका आहे.

'घाबरू नका'

गरगर तासन्‌तास न थांबता चालू आहे आणि सोबत एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय बधिर, आधाराशिवाय उभंच राहता न येणं किंवा पूर्वी कधी नव्हती अशी डोके-मानदुखी असेल, तर तो मेंदूच्या मागच्या भागाचा पक्षाघात असू शकतो. सलूनमध्ये मालिश करताना मान कडकन मोडून घेतल्यावर हे सुरू झालं, तर धमनीचं अस्तर फाटल्याची शंका आधी घ्यावी; निरोपातल्या मानेच्या शिरेला थोडाफार आधार सापडतो तो इथे. अशा वेळी एपली नको, गोळी नको. १०८ला फोन करा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून बरोबर न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास तिथून मोजतात.