प्रतिफळ कोणाकडून वसूल करायचं?

आपल्या चर्चच्या मंडळ्यांत कुणी मोठं दान दिलं की बाहेर पडता पडता कुजबुज सुरू होते, ‘नावासाठी केलंय हो.’ आणि मग ठरलेलं वाक्य येतं, सत्कर्म कसं अगदी निरपेक्ष हवं.

हे निरपेक्षपणाचं खूळ बायबलमधलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडा. सभास्थानांत आणि रस्त्यांवर कर्णा वाजवून दान करणाऱ्यांना येशू झापतो, पण गुप्तपणे देणाऱ्याला पिता फळ देईल, हे तिथेच सांगतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात परतफेड करू न शकणाऱ्यांना जेवायला बोलवा म्हणतो आणि परतफेड पुनरुत्थानाच्या वेळी होईल, असंही म्हणतो. अपेक्षा आहेच. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वसूल करायची नाही.

चर्चच्या इतिहासातही हा वाद झडला. सार्वकालिक प्रतिफळाकडे डोळा ठेवून केलेलं सत्कर्म पाप ठरत नाही, असं कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं १५४७ मध्ये ठरवलं. पुढे फ्रान्समधले एक आर्चबिशप फेनेलों यांनी देवावरच्या प्रेमात स्वतःच्या हिताचा लवलेशही नसावा, असं मांडलं. पोप बारावे इनोसंट यांनी १६९९ मध्ये त्यांच्या पुस्तकातली २३ विधानं अमान्य केली. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरचा रस्ता वेगळा. माणूस मुळातच स्वतःकडे वळलेला, त्याची चांगली कामंही डागाळलेलीच. पण तारण कृपेनं आधीच मिळालंय, म्हणून पुण्य साठवायची गरज उरत नाही आणि हात शेजाऱ्यासाठी मोकळे होतात. मला हे जास्त पटतं. हेतू शुद्ध होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर अर्पणाची थैली रिकामीच फिरेल.

जमीन विकून पैसे प्रेषितांकडे आणणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची बायबलमधली गोष्टही आपण अर्धवट सांगतो. त्यांनी काही पैसे स्वतःसाठी मागे ठेवले हा गुन्हा नव्हताच. जमीन तुझी होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते, असं प्रेषित पेत्र हनन्याला सरळ म्हणतो. थोडं देऊन सगळं दिल्याचा आव आणला, तिथे ते फसले.

आता आपल्या कापणीच्या सणाला चर्चमध्ये अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव घ्या. शेंगाचटणीची पुडी, दोन कणसं, एक भोपळा. दोन घरांत चुरस लागली की पुडीची बोली हजारांवर जाते, टाळ्या पडतात. जिच्या हातची चटणी ती बाई मागच्या बाकावर, आणि दहा रुपये टाकणारी विधवा तर कुणाच्या हिशेबातच नाही. (मंदिराच्या फरशीवरच्या नावांना हसणाऱ्यांनी आपल्या बाकांवरच्या पितळी पट्ट्याही वाचाव्यात.)

गुप्त म्हणजे बेहिशेबी मात्र नव्हे. पैसे दोघांनी मिळून मोजावेत, वहीवर दोघांच्या सह्या असाव्यात, पावती ज्याची त्याच्या हातात द्यावी. रोख २००० च्या वर दिलं तर आयकरात वजावट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन घ्यावी. उपासनेत एकूण जमा आणि खर्च वाचावा, नावापुढची रक्कम वाचू नये. नाव वाचलं की पुढच्या वर्षी त्याच माणसाला तेवढंच द्यावं लागतं, आणि कमी देणारा लाजून यायचाच बंद होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूरकडे सीना नदीला पूर आला तेव्हाच्या मदतवाटपालाही हेच लागू. देणगीदारांना पुरावा हवाच असतो. त्यासाठी वाटपाआधी रचलेल्या किटांचा फोटो आणि खरेदीची बिलं पुरतात. घेणाऱ्याचा चेहरा त्यात कशाला?