बाहेरचा पंच

फेब्रुवारीतली गोष्ट. सिडनीत रात्रीचे साडेनऊ वाजले होते, कोल्हापुरात दुपारचे चार. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल सामना मी मोबाइलवर बघत होतो. उत्तरार्धात पंचांनी पेनल्टी दिली आणि आठ-दहा जणांनी त्यांना घेरलं. कुणी हात धरतंय, कुणी छातीला छाती लावतंय. गॅलरीतून बाटल्या आल्या आणि प्रक्षेपण बंद पडलं. पाच मिनिटांत भाच्याचा फोन. "मामा, बघितलासा का? आता बास झालं. पेठांच्या मॅचला बाहेरनंच पंच आणाय पायजेत. पुण्याचे आणा, गोव्याचे आणा. हितला पंच म्हटला की कुठल्या ना कुठल्या पेठेचाच निघतोय."

हे एकट्या भाच्याचं मत नाही. असा राडा झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर हीच मागणी असते, आणि ती करणारी माणसं फुटबॉलवर जीव टाकणारी असतात. माझंही बालपण मंगळवार पेठेत गेलंय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही तालमी-क्लबांच्या फुटबॉल संघांची नावं आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. पेठेची ईर्षा काय असते हे मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून भाच्याचा संताप मला कळतो. त्याचा उपाय मात्र मला मान्य नाही. गेली अकरा वर्षं मी इथं पंचांच्याच संघटनेचं काम करतोय, त्यातली शेवटची पाच सचिव म्हणून. खेळ वेगळा आहे, रग्बी लीग. पण शिवी खाणारा माणूस तोच आहे.

रग्बी लीग म्हणजे आपण टीव्हीवर कधीतरी बघतो ती पंधरा जणांची रग्बी नव्हे. इथं एका बाजूला तेरा खेळाडू, ऐंशी मिनिटांचा खेळ. टॅकल म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून अडवणं. असे सहा टॅकल होईपर्यंत चेंडू तुमच्याकडे, मग समोरच्याला द्यायचा. चेंडू हाताने फक्त मागेच देता येतो. हा खेळ जन्मला तोच मजुरीच्या भांडणातून. १८९५च्या ऑगस्टमध्ये उत्तर इंग्लंडच्या हडर्सफील्ड गावात एका हॉटेलात क्लबांची बैठक झाली. गिरण्यांत आणि खाणींत राबणारे खेळाडू शनिवारी सामन्याला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यायला वरची संघटना तयार नव्हती, म्हणून हे क्लब फुटून निघाले. सिडनीत हा खेळ १९०८ साली सुरू झाला तोही कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत. तालमीच्या कट्ट्यावर वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. मला तरी वाटला नाही.

आमच्या विभागाच्या पंच संघटनेला स्वतःची इमारत नाही, पगारी माणूस नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, नेमणुका करणारे तिघं आणि शिकवणारे काही जुने पंच, सगळे नोकऱ्या सांभाळून करतात. मंगळवारी रात्री एका क्लबच्या मागच्या खोलीत वर्ग. बुधवारी नेमणुका. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत फोन: एकाची शाळेची परीक्षा, एकीचा घोटा मुरगळलाय, एकाला मैदानावर सोडायला घरचं कुणी नाही. शनिवारी सकाळी पहिला सामना लागतो तेव्हा प्रत्येक मैदानावर शिट्टी घेतलेला कुणीतरी उभा असलाच पाहिजे. लहान मुलांच्या सामन्यांत हा कुणीतरी बहुतेक वेळा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा किंवा पोरगी असते. त्यांना दर सामन्यामागे मानधन मिळतं. माझा मुलगा असाच चौदाव्या वर्षी उतरला. त्याला सोडायला जाता जाता मी आधी सीमारेषेवर झेंडा घेऊन उभा राहिलो, मग खजिनदार झालो, मग सचिव.

या वर्गात एक गोष्ट शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, ती म्हणजे पुढे दिलेला पास. चेंडू पुढे देणं चूक, हा नियम लहान पोरालाही माहीत असतो. पण खेळाडू जोरात पळत असताना त्याने चेंडू हातातून मागच्या बाजूला सोडला, तरी पळण्याच्या वेगामुळे तो जमिनीच्या हिशेबाने पुढे सरकतो. धावत्या एसटीच्या खिडकीतून मागे भिरकावलेली गोटी काही अंतर एसटीबरोबर पुढेच जाते, तसं. नियमाचं म्हणणं आहे की पासची दिशा देणाऱ्याच्या हातावरून ठरवायची, जमिनीवरून नाही. प्रेक्षकाला मैदानावरच्या रेषा दिसतात, चेंडू रेषेच्या पुढे गेलेला दिसतो, आणि तो ओरडतो. पंचाला मात्र हात बघायचे असतात. प्रेक्षक खोटं बोलत नसतो, त्याला दिसलं तेच तो सांगतो. हे पंधरा वर्षांच्या मुलाच्या गळी उतरवायचं, म्हणजे त्याला ओरडणाऱ्याचा राग येणार नाही आणि निर्णयही डगमगणार नाही, हे आमचं खरं काम. एका वर्गात होत नाही. मोसमभर त्याच्या मागे कुणीतरी उभं राहावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलीवर एका खेळाडूचा बाप धावून आला. दहा वर्षांच्या पोरांचा सामना होता आणि ती पंधराची. सामना संपल्यावर त्याने तिला गाडीपर्यंत गाठून जे सुनावलं ते मी इथं लिहिणार नाही. तिने त्याच रात्री अहवाल लिहिला. लिहिताना मी शेजारी बसलो होतो. एक शब्द सुचवला नाही, फक्त बसलो. सुनावणी झाली, त्या माणसाला उरलेला मोसम मैदानावर यायला बंदी झाली. पण बंदीने ती मुलगी परत आली नाही. ती परत आली कारण पुढच्या तीन शनिवारी आमचा एक जुना पंच तिच्या सामन्याला सीमारेषेबाहेर उभा राहिला, मध्यंतरात तिला पाणी दिलं आणि दोन निर्णयांबद्दल बोलला. एक बरोबर होता, एक चुकला होता. चुकलेलाही त्याने सांगितला. आता ती मोठ्यांच्या सामन्यांना झेंडा धरते.

म्हणूनच मला "बाहेरचा पंच आणा" हे ऐकवत नाही. बाहेरचा पंच येईल, सामना करेल, संध्याकाळच्या गाडीने परत जाईल. त्याच्या मागे उभं राहणारं कोण? तो चुकला तर सांगणारं कोण? आणि पुढच्या मोसमात तो आलाच नाही तर आपल्याकडे काय उरलं? आज एका पंचावर विश्वास नाही म्हणून दुसरा आणला. त्याचाही पहिला वादग्रस्त निर्णय होईपर्यंतच तो बाहेरचा राहणार. नंतर तो कुणाच्या तरी बाजूचा ठरणारच.

पंच पेठेचा असेल तर निष्पक्ष कसा, हा भाच्याचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. आमच्याकडेही तो आहे. इथल्या उपनगरांत क्लबनिष्ठा आपल्यासारखीच घराण्यात चालत येते. आजोबा, बाप, नातू एकाच जर्सीत. आम्ही प्रत्येक पंचाकडून मोसमाच्या सुरुवातीला लिहून घेतो: घरातलं कोण कुठे खेळतं, आधी तू कुठे खेळलास. त्या क्लबचा सामना त्याला देत नाही. हे कागद संघटनेच्या सगळ्या सभासदांना बघता येतात. मंगळवार पेठेतला माणूस मंगळवार पेठेच्या संघाला नको, एवढंच. म्हणून त्याला शिवाजी पेठ आणि फुलेवाडीच्या सामन्यालाही नाकारायचं कारण नाही. नेमणूक कुणी केली आणि कशी केली हे उघड असलं की निम्मा संशय तिथंच विरतो.

इथलं सगळं चांगलं आहे असं मला म्हणायचं नाही. पंच सोडून जातात, दर मोसमात कमी पडतात. व्यावसायिक लीगमधले प्रशिक्षक पराभवानंतर पत्रकार परिषदेत पंचांवर तोंडसुख घेतात, दंड भरतात आणि पुढच्या आठवड्यात तेच करतात. आमच्या मैदानावरचा बाप त्यांच्याकडूनच शिकतो. पंचांना मदत म्हणून मोठ्या सामन्यांत व्हिडिओ पाहणारी स्वतंत्र खोली आली, कर्णधाराला निर्णयाला आव्हान द्यायची सोय २०२० पासून आली. ओरडा कमी झाला नाही, फक्त आता तो स्लो मोशनमध्ये होतो. आणि इथं भांडण पेटलं तर विझवायला फक्त कागद आहे: नियम, अहवाल, सुनावणी. पेठेतला एखादा जुना वस्ताद उठून "ए, बस खाली" म्हणतो आणि पंचवीस पोरं बसतात, ते इथं नाही. मला ते फार आठवतं.

ही ताकद आपण पंचासाठी का वापरत नाही, हा माझा कोल्हापूरला प्रश्न आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, तिथं हजारो माणसांसमोर कुस्ती व्हायची आणि पंचाचा हात वर गेला की निकाल लागायचा. आज कुस्तीतही ते राहिलं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मॅटवर एका नामांकित मल्लाने पंचांना लाथ मारली. त्याच्यावर आणि आणखी एका मल्लावर तीन वर्षांची बंदी आली. त्यानंतर कितीतरी दिवस मी गावाकडच्या मित्रांशी बोलत होतो, आणि जवळजवळ प्रत्येकाने मला एकच विचारलं: खांदे टेकले होते की नव्हते? लाथेबद्दल क्वचितच कुणी बोललं. निर्णय चुकला असेल तर तो तपासावा, जरूर तपासावा. पण निर्णय चुकला म्हणून लाथ समजून घेण्यासारखी होते, हे जिथं ठरतं तिथं उद्या शिट्टी हातात घ्यायला कुणाची आई पोराला पाठवेल?

मला जे सुचतं ते असं. केएसएच्या, म्हणजे गावातलं फुटबॉल चालवणाऱ्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात सोळा संघ आहेत. प्रत्येक संघाने दरवर्षी दोन पोरं पंचगिरीसाठी द्यावीत. ज्यांचं खेळणं दुखापतीने थांबलं, ज्यांना संघात जागा मिळत नाही, ज्यांना खेळ कळतो पण वेग उरला नाही, अशी. बत्तीस पोरं होतात. त्यात मुली हव्यात. इथं २०१९ साली बेलिंडा शार्प व्यावसायिक लीगच्या सामन्यात शिट्टी घेऊन उतरणारी पहिली महिला ठरली, आणि त्यानंतर आमच्या वर्गात मुली स्वतःहून येऊन बसू लागल्या. या बत्तीस जणांना आधी चौदा वर्षांखालच्या सामन्यांवर उभं करावं आणि प्रत्येकामागे एक अनुभवी पंच द्यावा. राज्य संघटनेच्या परीक्षेला बसण्याचा खर्च त्यांच्या तालमीने करावा. मानधन सामन्याच्या दिवशीच, तिकिटाच्या पैशातून, शिट्टी वाजण्याआधी हातात पडावं. इथं आमच्या सामन्यांना दोनशे माणसं आली तर गर्दी म्हणतात. कोल्हापूरला हजारोंचा प्रेक्षक आहे, पैशाचं कारण सांगता येणार नाही.

मैदानावरची शिस्त आणायला नवा शोध लावायला नको. युरो २०२४ मध्ये पंचांशी फक्त कर्णधाराने बोलायचं असा दंडक लावला होता, आणि २०२५-२६च्या फुटबॉल नियमावलीत स्पर्धांना तो स्वीकारायची मुभा दिली आहे. वाद घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवण्याची पद्धत इंग्लंडने स्थानिक फुटबॉलमध्ये २०१९ पासून लावली. आमच्या रग्बी लीगमध्ये तर ती जुनीच. रांगडा खेळाडू लाल कार्डाला भीत नाही, त्याचं तो मिरवणं करतो. दहा मिनिटं बाहेर बसून आपला संघ दहा जणांनी धावताना बघणं त्याला सोसत नाही. आणि बाकड्यावर शेजारी बसलेला त्याचाच सहकारी तेव्हा त्याला जे ऐकवतो ते कुठल्याच पंचाला ऐकवता येत नाही.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, तुमचं बरोबर असंल. पण आमच्या तालमीतनं पहिला कोण जाणार? पेठेतली पोरं त्याला काय म्हणतील?" त्याचा गुडघा गेल्या वर्षी गेलाय, हे तो बोलला नाही आणि मीही काढलं नाही. मी एवढंच विचारलं की वर्ग घ्यायचा झाला तर जागा आहे का. तो म्हणाला, तालमीच्या वरची खोली संध्याकाळी सातनंतर रिकामीच असते, किल्ली त्याच्याकडेच आहे. डिसेंबरात मी तीन आठवड्यांसाठी येतोय. तिकीट काढलंय.