कुणाचं होतं म्हणे घड्याळ?

आमच्या आज्जाच्या खिशातल्या घड्याळाचा फोटो मागच्या महिन्यात इथं टाकला होता, आठवत असेल. चांदीची केस, पांढरा डायल, खाली सेकंदाचा छोटा वेगळा काटा आणि 'वेस्ट एंड वॉच कंपनी' हे नाव. कंपनी मुंबई-कलकत्त्याची, पोटातलं मशीन स्वित्झर्लंडचं. तो फोटो बघून परवा पुण्याहून एका जुन्या वस्तू घेणाऱ्याचा फोन आला. मला वाटलं, चालतंय का म्हणून विचारेल. त्यानं विचारलं, "आधी कुणाचं होतं? कुणी संस्थानिक, सरदार वगैरे? तसा काही कागद आहे का?"

आता काय सांगणार! आज्जा बेळगावातल्या शहापूरचा. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, म्हणजे पटवर्धनांच्या मुलखात. संस्थानिकांशी आमचा संबंध एवढाच. बाकी आज्जा भुसार अडतीवर दिवाणजी.

फोन ठेवला, पण डोक्यातून जाईना. घड्याळाची किंमत त्याच्या मालकाच्या नावावर ठरावी, हे मला पटतच नाही. जगातलं बहुधा सगळ्यात गाजलेलं खिशातलं घड्याळ घ्या, पॅरिसचा घड्याळजी ब्रेगे याचं १६० नंबरचं. त्याला 'मारी आंत्वानेत' म्हणतात. १७८३ मध्ये त्या नावाच्या फ्रान्सच्या राणीसाठी म्हणून त्याची ऑर्डर आली. अट अशी की जमेल तिथं सोनं वापरायचं, पैशाला आणि वेळेला मर्यादा नाही. वेळेला खरंच मर्यादा राहिली नाही. १७९३ मध्ये राणीचं मुंडकं उडवलं, १८२३ मध्ये ब्रेगे स्वतः गेला आणि घड्याळ पुरं झालं १८२७ मध्ये! जिच्या नावानं ते ओळखतात, तिनं ते कधी बघितलंसुद्धा नाही. पुढं ते सर डेव्हिड सॉलोमन्स या इंग्रज संग्राहकाकडं आलं, त्यांच्या मुलीनं जेरुसलेमला म्युझियम काढलं तिथं गेलं आणि १९८३ मध्ये शंभरेक घड्याळांबरोबर चोरीला गेलं. चोर मेल्यावरच पत्ता लागला. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वर्षं त्या घड्याळाला जवळ बाळगून बसलेल्यांत त्या चोराचा नंबर बराच वर लागेल. त्याचं नाव कोण देतंय?

दुसरं, हेन्री ग्रेव्ह्ज या न्यूयॉर्कच्या बँकरचं. पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीनं १९३३ मध्ये करून दिलं, त्यात वेळेखेरीज चोवीस करामती. त्यातली एक म्हणजे न्यूयॉर्कवरच्या रात्रीच्या आकाशाचा नकाशा. २०१४ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ते सुमारे २.४ कोटी डॉलरला गेलं. कारागिरीला हात जोडतो, त्यात वादच नाही. पण ते आकाश इथं बेळगावजवळ येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहून जुळवायला गेलं तर काय उपयोग?

आणि तिसरं गांधीजींचं. बेळगावकरांना हे जवळचं वाटायला हवं, कारण गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथंच, डिसेंबर १९२४ मध्ये. टिळकवाडीत त्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. त्यांचं चांदीचं, गजराचं झेनिथ घड्याळ मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघालं. चष्मा, चपला, ताट-वाटी सगळं एकत्र, १८ लाख डॉलर. विजय मल्ल्यांनी बोली लावली. दारूबंदीवाल्याचं घड्याळ दारूवाल्याकडं, यावर तेव्हा भरपूर बोलून झालंय, मी नाही बोलत. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं, हा माणूस घड्याळ कमरेला लटकवून खरोखर वापरायचा. ३० जानेवारीला सरदार पटेलांशी बोलण्यात प्रार्थनेला दहाएक मिनिटं उशीर झाला, तर त्याचीच त्यांना चुटपुट लागली होती. दहा मिनिटांची चुटपुट लागते तो घड्याळाचा मालक. तिजोरीत ठेवतो तो नुसता राखणदार.

आमचं घड्याळ मध्ये बरीच वर्षं बंद होतं. खडेबाजारात एका म्हाताऱ्या कारागिराकडं नेलं. डोळ्याला भिंग लावून कन्नडमध्ये म्हणाले, "गडियार छान आहे, तेल सुकलंय." कन्नडमध्ये घड्याळ म्हणजे गडियार आणि सीमा म्हणजे गडि. म्हटलं, वा, आमच्या वाट्याला दोन्ही आलं! त्यांनी सगळं खोलून साफ केलं, तेल दिलं आणि बजावलं, रोज ठरल्या वेळीच चावी द्यायची. आता दिवसाला पाच-सात मिनिटं मागं पडतंय, पण चालतंय.

तर काल मी त्या पुणेकराला मालकांची यादी पाठवली. पहिला आज्जा, अडतीवर दिवाणजी. बिलाच्या वहीत तारखेबरोबर वेळही लिहायचा. दुसरी आत्या, नर्स. सेकंदाच्या त्या छोट्या काट्यावर तिनं आमच्या अर्ध्या गल्लीची नाडी मोजलीय. तिसरा मी, विशेष काही नाही.

रात्री त्याचा मेसेज आला : "आत्या नर्स कुणाच्या होत्या? कुणी मोठा पेशंट?"